शेगाव भक्तनिवास + महाप्रसाद : दशम्यांचा डबा जसाच्या तसा परत आला

मागच्या महिन्यात सासूबाईंना (मी त्यांना आईच म्हणते) घेऊन शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जाऊन आले, नाशिकहून रात्रीची गाडी, पहाटे स्टेशनवर. आधीच सांगते, भक्तनिवासाचं ऑनलाइन बुकिंग मंदिराचं संस्थान घेत नाही, नेटवर कोणी बुकिंगचे पैसे मागितले तर देऊ नका, फ्रॉड असतात. तिथे जायचं, लाइनीत उभं राहायचं, रूम असेल तशी मिळते. मला हे ऐकूनच टेन्शन, बुकिंगशिवाय मी मामाच्या गावालाही जात नाही. वर दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका देवस्थानी (नाव नको) अर्धा दिवस बाथरूम शोधण्यात गेला होता आणि दर्शनाला उभी असताना देवापेक्षा चपलाच डोळ्यासमोर, त्या चोरीला गेल्याही. म्हणून यावेळी लाडू, चिवडा, दशम्या, चादरी, दोन बॅगा. आई म्हणे, "अगं, माऊलींच्या घरी चाललोय, डबा कशाला?" मी मनात म्हटलं, माऊली काय चादर देणारेत का!

दिली की. रूम साधीच पण स्वच्छ, संडास-बाथरूम तर आमच्या सोसायटीने बघून शिकावं असं. मंदिरापर्यंत संस्थानची बस फुकट. महाप्रसादही फुकट, पोळी, भाजी, वरण-भात, गोड, गरमागरम, आणि वाढणारे सेवेकरी "माऊली, अजून घ्या" म्हणत दुसऱ्यांदा येतात. हे लोक गावोगावचे, कोणी शेतकरी कोणी नोकरदार, पाळीने येऊन बिनपगारी सेवा करतात. एकाच्या हातात मी 50 ची नोट द्यायला गेले तर हात जोडून पुढच्या पंगतीला निघून गेला, मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मी अर्धी पोळी ताटात ठेवली तर आईंनी तिथेच पकडलं. 1878 मध्ये महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचून खाताना, आणि तू त्यांच्याच दारात टाकतेस? खाल्ली गुपचूप.

आता खरी गंमत. घरी मी महाराजांची पोथी (गजानन विजय, 21 अध्यायांची) घेऊन बसले की कान कुकरच्या शिट्टीकडे, दोन अध्यायांच्या वर कधी गेले नाही. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात ना, माझं पोटोबातच आयुष्य चाललंय. तिथे जेवायचं काय, झोपायचं कुठे, चपला कुठे हा विषयच डोक्यातून गेला आणि एका बैठकीत 9 अध्याय झाले, पाठ दुखली तेव्हा कळलं किती वेळ गेला ते. आईंचे अर्थातच 21 पूर्ण. आमचे अहो एलआयसीत, त्यांच्या लोगोखाली योगक्षेमं वहाम्यहम् असतं, तुमचा भार मी वाहीन असं देव म्हणतो ते. इतकी वर्षं मला ती प्रीमियमची जाहिरातच वाटायची.

गर्दीचं बोलायचं तर गुरुवार, प्रकटदिन (महाराज पहिल्यांदा दिसले तो दिवस), ऋषिपंचमी (त्यांच्या समाधीचा दिवस) टाळा, म्हाताऱ्या माणसांना घेऊन तर नकोच. आणि लक्झरी हवी असेल त्यांनी हॉटेल बघावं, इथे ती अपेक्षाच ठेवू नका.

लाडू परतीच्या गाडीत समोरच्या बाकावरच्या पोरांनी संपवले. दशम्या मात्र घरी आल्यावर दोन दिवस आम्हीच खाल्ल्या, आई प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून हसत होत्या.