व्हेनिसची जलबस: कुटुंबाने २४ तासांचा पास घ्यावा का?

व्हेनिसच्या जुन्या शहरात मोटारी तर नाहीतच, सायकल चालवण्यासही मनाई आहे. तेथे चारशेहून अधिक पूल असून त्यांतील बहुतेकांना पायऱ्या आहेत. त्यामुळे गुडघ्यांनी त्रासलेल्या सासूबाई आणि बाबागाडीतील मूल बरोबर असताना आमचा दिवस सुखाचा झाला, याचे श्रेय मी निःसंकोचपणे वापोरेत्तोला, म्हणजे तेथील सार्वजनिक जलबसला देते.

आम्ही गेलो तेव्हा ७५ मिनिटांचे साधे तिकीट ९.५० युरोंना, तर २४ तासांचा पास २५ युरोंना मिळत होता. म्हणजे तिसऱ्या फेरीलाच पासाचे पैसे वसूल होतात. सहा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पासाचे २४ तास तो पहिल्यांदा यंत्राला लावल्यापासून मोजले जातात, त्यामुळे दुपारी सुरू केलेला पास दुसऱ्या दिवशी सकाळीही उपयोगी पडतो. विमानतळावर जाणाऱ्या खासगी बोटींना मात्र तो चालत नाही, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे.

या पासाची खरी किंमत कळते ती १ क्रमांकाच्या बोटीत. उलट्या ‘एस’सारखा वळत जाणारा, सुमारे ३.८ किलोमीटर लांबीचा ग्रँड कॅनॉल ही बोट कधी या तर कधी त्या काठाला थांबत पार करते, आणि रेल्वे स्थानकापासून सान मार्को या मुख्य चौकापर्यंत साधारण पाऊण तास लागतो. २ क्रमांकाची बोट कमी थांबे घेते, पण पाहण्यासाठी आलेल्यांनी ही घाई करू नये. येथील श्रीमंत व्यापाऱ्यांकडे माल आणि पाहुणे दोन्ही पाण्यावरून येत, म्हणून वाड्यांची दर्शनी बाजू कालव्याकडे आहे; गल्लीतून चालणाऱ्याच्या वाट्याला बहुधा मागच्या भिंतीच येतात. पंधराव्या शतकातील का’ दोरो हा वाडा, ज्याची दर्शनी भिंत एके काळी सोन्याच्या मुलाम्याने सजवलेली होती, समोरून डोळे भरून पाहता येतो तो पाण्यावरूनच. पुढे रियाल्तोचा पूल येतो. १५९१ मध्ये पूर्ण झालेला, एकाच दगडी कमानीचा हा पूल १८५४ पर्यंत ग्रँड कॅनॉलवरचा एकमेव पूल होता, आणि त्याच्या खालून जाताना त्या कमानीचा विस्तार जसा जाणवतो तसा वरच्या दुकानांच्या गर्दीत जाणवत नाही. शेवटी उजव्या हाताला सांता मारिया देल्ला सालूते या चर्चचा घुमट दिसतो. १६३० च्या प्लेगमधून शहर सुटावे म्हणून बोललेल्या नवसाचे ते चर्च आहे, हे ऐकल्यावर सासूबाईंनी बसल्या जागेवरून हात जोडले.

गोंडोलाचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे. हौस म्हणून तो खर्च करण्यात काहीच गैर नाही, पण मुलांना केवळ गोंडोलात बसल्याचा आनंद हवा असेल तर रियाल्तोच्या बाजाराजवळ दोन युरोंत कालवा ओलांडून देणारा त्रागेत्तो, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायचा गोंडोला, पुरेसा आहे.

त्याच पासावर फोंदामेन्ते नोव्हे या धक्क्यावरून १२ क्रमांकाच्या बोटीने बुरानोला जाता येते. रंगीबेरंगी घरांचे हे बेट सुंदर आहेच. शिवाय पाऊण तासाच्या या प्रवासात ज्येष्ठांना विश्रांती मिळते. आगीच्या भीतीने १२९१ मध्ये जेथे काचेच्या भट्ट्या हलवण्यात आल्या ते मुरानो बेटही याच मार्गावर आहे, परंतु वृद्धांना घेऊन एका दिवसात दोन्ही बेटे करण्याचा आग्रह मी धरणार नाही.

या सेवेत उणिवाही आहेत. दुपारी मध्यवर्ती थांब्यांवर इतकी गर्दी होते की उभे राहून, दुसऱ्यांच्या पाठी पाहत प्रवास करावा लागतो, आणि बाबागाडी घडी करून हातात धरावी लागते. बंद केबिनमधून दृश्यही अपुरे दिसते. म्हणून सकाळी लवकर निघावे आणि मधल्या थांब्यावर न चढता पियाझ्झाले रोमा या सुरुवातीच्या धक्क्यावरून बोट पकडावी. काही जुन्या बोटींना अगदी पुढे उघड्यावर आसने आहेत. ती मिळणार असतील तर एक बोट सोडून पुढच्या बोटीची वाट पाहणेही योग्यच.