हँडलच्या नळीत छर्रे, टोकांना पितळी वजने : मोटारसायकलचे कंपन कमी करण्याच्या घरगुती उपायाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

वारजे ते तळेगाव हा माझा रोजचा प्रवास आहे आणि तो मी ३५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या, बॅलन्सर शाफ्ट (इंजिनाचे कंपन तोलणारा फिरता दांडा) नसलेल्या जुन्या मोटारसायकलवरून करतो. चांदणी चौक ओलांडून बाह्यवळण मार्गाला लागले की रावेतपर्यंत गाडी साधारण ६५ ते ७० च्या वेगात राहते. नेमक्या त्याच वेगात हँडलची टोके अशी झणझणत की देहूरोड येईपर्यंत उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत असे. आरशात मागे काहीतरी मोठे वाहन आहे एवढेच कळे. ते किती जवळ आहे, हे मान वळवूनच पाहावे लागे. गेल्या पावसाळ्याच्या आधी मी हँडलच्या पोकळ नळीत सायकलचे पोलादी छर्रे भरले आणि दोन्ही टोकांना लेथवर बनवून घेतलेली पितळी वजने बसवली. पावसाळा आणि हिवाळा या जोडणीवर काढल्यानंतर आता त्याविषयी खात्रीने काही सांगता येईल, असे वाटते.

आधी कारण समजून घेतले पाहिजे, कारण ते न कळता वजने लावणाऱ्यांचीच पुढे निराशा होते. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होताना प्रत्येक फेरीला त्याचा हिसका चासीला बसतो. क्रँकच्या (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याच्या) विरुद्ध बाजूला वजन देऊन तो कमी करता येतो, पण पूर्ण घालवता येत नाही. पिस्टनचे सगळे वजन तिथे तोलले तर उभे कंपन जाते आणि तेवढेच आडवे कंपन सुरू होते. म्हणून साधारण निम्मेच वजन तोलले जाते आणि उरलेल्यासाठी क्रँकच्या उलट फिरणारा बॅलन्सर शाफ्ट लागतो, जो माझ्या इंजिनात नाही आणि घरी घालताही येणार नाही. शिवाय हे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांवरून ४,५०० वर गेलो, तर फेऱ्या दीडपट होतात आणि बल सव्वादोनपट.

म्हणजे इंजिनाचे कंपन आहे तसेच राहणार. आपल्याला बदलता येते ती गोष्ट वेगळी आहे. हँडलच्या नळीची, तिच्यावरील लिव्हर आणि स्विचसकट, स्वतःची एक कंपनसंख्या असते आणि इंजिनाच्या फेऱ्या तिच्याशी जुळल्या की अनुनाद होऊन टोके सर्वांत जास्त थरथरतात. नळीच्या टोकांना वजन वाढवले की ही कंपनसंख्या खाली उतरते आणि त्रासाचा वेगही तिच्याबरोबर खाली येतो. माझ्या मते या उपायाचा सगळा अर्थ एवढाच आहे: कंपन नाहीसे होत नाही, आपण ज्या वेगात सर्वाधिक वेळ असतो तिथून ते हटवले जाते. म्हणून आधी स्वतःचा वेग ठरवावा आणि मगच वजन.

हे मोजण्यासाठी मी एक जुना मोबाईल वापरला. कंपनाचा आलेख दाखवणारी मोफत ॲप्स मिळतात, पण त्यांत एक मेख आहे. सेकंदाला ६० वेळा होणारे कंपन पकडायचे तर त्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे सेकंदाला १२० पेक्षा जास्त नोंदी घ्याव्या लागतात. ॲप सेकंदाला १०० नोंदी घेत असेल तर आलेखात भलतीच, खोटी कंपनसंख्या दिसते. २०० नोंदींची सोय असेल तर १०० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांपर्यंतचे, चित्र विश्वासार्ह मिळते आणि आपल्याला तेवढे पुरते. रोजच्या वापरातला महाग मोबाईल मात्र हँडलला बांधू नये. मोटारसायकलच्या जोरदार कंपनाने आयफोनच्या कॅमेऱ्यातील स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्येच दिलेला आहे. माझ्या आलेखात सर्वांत उंच शिखर ५३ हर्ट्झच्या आसपास होते, म्हणजे मिनिटाला सुमारे ३,१८० फेऱ्या. पाचव्या गिअरमध्ये माझ्या गाडीचा हा वेग ६८ च्या जवळ येतो आणि हात बधिर होण्याचा वेगही तोच होता.

नाना पेठेत ज्या मेकॅनिककडे मी वर्षानुवर्षे जातो, त्यांना हे दाखवल्यावर ते म्हणाले, "साहेब, आधी फाउंडेशनचे बोल्ट बघू, वजनाचं नंतर." हा सल्ला अत्यंत मोलाचा ठरला. इंजिन धरणारा पुढचा बोल्ट सैल निघाला. टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने) सगळे बोल्ट कंपनीच्या पुस्तिकेतील मापाप्रमाणे आवळले, चेनची ढिलाई नीट केली, कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ती बेअरिंग) तपासला. एवढ्यानेच टाकीजवळचा खडखडाट गेला, हँडलची झणझण मात्र तशीच राहिली. ज्यांचा त्रास या टप्प्यावर संपेल त्यांनी पुढचे काही करण्याची गरज नाही.

वजनाचे काम असे केले. नळीचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर आणि आतला सुमारे १७. ग्रिप काढून, नळी आतून रॉकेलने पुसून पूर्ण वाळवली. प्रत्येक बाजूला मधल्या बाकापाशी घट्ट स्पंजाचा बोळा ढकलला आणि तिथून टोकापर्यंत एक अष्टमांश इंचाचे छर्रे, इंजिन ऑइलचा हलका हात देऊन, भरले. एका बाजूला साधारण अडीचशे ग्रॅम मावतात. भरताना नळीला लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत राहावे, म्हणजे छर्रे दाबून बसतात आणि गाडी चालवताना खुळखुळत नाहीत. शिशाचे छर्रे जड असतात, पण शिसे विषारी आहे आणि घरात लहान मुले असताना मला ते हाताळायचे नव्हते. छर्ऱ्यांचे काम वजनापुरते नाही. वाळूचे पोते आपटले तर ते उसळत नाही, तसे हे दाणे एकमेकांवर घासून कंपनाची ऊर्जा खाऊन टाकतात; त्यामुळे अनुनादाचे शिखर नुसते सरकत नाही, थोडे बुटकेही होते.

काही जण संपूर्ण नळी सिलिकॉन सीलंटने भरतात. ते मला पटत नाही. हे सिलिकॉन हवेतील ओलाव्याने, बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने घट्ट होते. बंद नळीच्या खोल भागात ते दीर्घकाळ कच्चेच राहते. शिवाय व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन ॲसिटिक ॲसिड सोडते आणि पोलाद गंजवते. बोहरी आळीत दुकानदाराकडे न्यूट्रल प्रकारचे, म्हणजे ॲसिड न सोडणारे, मागावे आणि ते छर्ऱ्यांच्या तोंडाशी बुचासारखे, पातळ थरातच वापरावे.

टोकांची वजने पितळी सळईतून लेथवर काढून घेतली: व्यास ३० मिलिमीटर, लांबी ४५, प्रत्येकी सुमारे २७० ग्रॅम. मधून बोल्ट जातो आणि तो आवळला की नळीच्या आतला रबरी बुश फुगून पक्का बसतो. उजव्या बाजूला वजन आणि ॲक्सिलरेटरची फिरणारी नळी यांच्यात दोन मिलिमीटरची फट राहिलीच पाहिजे. मूठ पूर्ण पिळून सोडल्यावर ती कोणत्याही हँडल-स्थितीत झटकन मागे येते, याची खात्री होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. ही तपासणी मी आजही दर आठवड्याला करतो.

आता परिणाम. नव्या आलेखात शिखर ४५ हर्ट्झवर आले आहे, म्हणजे ५८ च्या वेगाला, आणि त्या फेऱ्यांना इंजिनाचे बलही आधीपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी असते. ६५ ते ७० मध्ये मूठ आता शांत राहते. तळेगावला उतरल्यावर बोटांत मुंग्या नसतात आणि आरशात मागच्या वाहनाचे अंतर नीट कळते. सुरक्षिततेच्या दृष्टीने मी याला सर्वाधिक महत्त्व देतो. पंचावन्न ते साठच्या दरम्यान मात्र पूर्वी नव्हती अशी थरथर आली आहे. मी तिथे रेंगाळत नाही, त्यामुळे ती मला चालते. पण ज्यांचे सगळे फिरणे कर्वे रस्ता आणि सिंहगड रस्त्यावर, याच वेगाच्या आसपास आहे, त्यांच्यासाठी हीच वजने त्रास वाढवणारी ठरतील. ऐंशीच्या पुढे फारसा फरक नाही. खंबाटकीचा चढ चौथ्या गिअरमध्ये चढताना गाडी पूर्वीइतकीच गुरगुरते. सिग्नलला उभे असतानाचे हेलकावेही तसेच आहेत.

वळवताना, विशेषतः गर्दीत अगदी हळू जाताना, हँडल किंचित जड लागते. टोकांना वजन वाढवल्यावर कोनसेट सैल असेल तर हँडल लटपटण्याचा धोका असतो, म्हणून तो आधी दुरुस्त करावा. हँडलच्या क्लॅम्पखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालण्याचा जो उपाय सर्रास सांगितला जातो, तो कृपया कोणीही करू नये. रबर कालांतराने दबते, क्लॅम्पची पकड जाते आणि ब्रेक दाबताना हँडल फिरू शकते.

हिवाळ्याच्या अखेरीस उजवे टोक उघडून पाहिले. सिलिकॉनचे बूच घट्ट होते, तरी बोल्टच्या बाजूने पावसाचे पाणी शिरून तोंडाजवळच्या छर्ऱ्यांवर तांबूस डाग आले होते. आतले छर्रे स्वच्छ निघाले. बोल्टच्या डोक्याखाली आता रबरी वॉशर घातला आहे. फूटरेस्टची थरथर अजून बाकी आहे आणि हात शांत झाल्यापासून ती जास्त जाणवते. तिच्यासाठी पोकळ फूटरेस्टच्या आत बसणारा पितळी ठोकळा त्याच लेथवाल्याकडे टाकला आहे.