ओपनड्रिफ्टवर फुकुशिमाचं सीझियम: आठ महिने वापरल्यावर

2011 च्या अपघातात जपानच्या फुकुशिमा अणुप्रकल्पातून निघालेलं किरणोत्सारी सीझियम समुद्रात कसं पसरलं ते स्वतः चालवून बघावं, म्हणून आठ महिन्यांपूर्वी ओपनड्रिफ्ट घेतलं. पाण्यात सोडलेले कण प्रवाहाबरोबर कुठे जातील ते दाखवणारं हे सॉफ्टवेअर नॉर्वेच्या हवामान संस्थेचं, पायथनमधलं, फुकट आणि खुलं. तेलगळती, भरकटलेली होडी, माशांची अंडी सगळं एकाच सांगाड्यात, आणि किरणोत्सारी द्रव्यांसाठी वेगळं मॉड्यूल. कोंडा (conda) या पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनातून बिनबोभाट बसलं. पहिल्याच संध्याकाळी नकाशावर ठिपके पळायला लागले, घरच्यांना बोलावून दाखवलेही. ते सगळे चुकीचे होते हे कळायला तीन आठवडे लागले.

चूक माझीच. सुरुवात ओपनड्रिफ्टमधल्या ओशनड्रिफ्ट या साध्या मॉड्यूलवर केली, आणि त्यात किनाऱ्याला टेकलेला कण तिथेच अडकतो. तेलाला हे चालतं. विरघळलेलं सीझियम मात्र वाळूवर बसून राहत नाही, पाण्याबरोबर परत फिरतं. सेटिंग एका ओळीचं, पण ते बदलायचं असतं हे आधी सुचायला हवं ना! आडवं मिसळणंही मी शून्यावरच ठेवलं होतं, त्यामुळे कण रांगोळीच्या रेघेसारखे एका ओळीत निघाले.

खरी गोम बेक्वेरेलच्या हिशोबात आहे (बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा ऱ्हास; पेटाबेक्वेरेल म्हणजे एकावर पंधरा शून्यं इतके). 2011 च्या मार्चअखेरीपासून थेट समुद्रात गेलेलं सीझियम-137 जपानी संशोधकांच्या एका अंदाजाने 3.5 पेटाबेक्वेरेल. ते एक लाख कणांत वाटलं की एका कणाच्या वाट्याला 35 अब्ज बेक्वेरेल येतात. एक किलोमीटर लांब-रुंद आणि दहा मीटर खोल चौकटीत असा एकच कण शिरला, तरी उत्तर घनमीटरला 3500 बेक्वेरेल! अपघाताआधी तिथलं पाणी होतं 1 ते 2 च्या घरात. म्हणजे दूरच्या समुद्रात एकतर शून्य, नाहीतर हजारो. मधलं काही दिसतच नाही. दहा लाख कण सोडले की 350 वर येतं आणि 16 जीबीचा लॅपटॉप रडायला लागतो. आता मी चौकट मोठी धरतो आणि दूरच्या आकड्यांवर बोलतच नाही.

जवळचंही सोपं नाही. जागतिक प्रवाहांचा मी घेतलेला फुकटातला डेटा 1/12 अंशाचा, म्हणजे चौकट आठ-नऊ किलोमीटरची आणि वेग दिवसाच्या सरासरीचा. प्रकल्पाचं सांडपाण्याचं तोंड आणि तिथून साधारण दहा किलोमीटर दक्षिणेचं दाईनी हे दुसरं अणुकेंद्र शेजारशेजारच्या चौकटींत येतात. तिथलं पाणी वाऱ्याने ढकललं जातं, दोन-चार दिवसांत दिशा बदलतं, आणि ते सगळं सरासरीत पुसलं जातं. मापनात 6 एप्रिलला तोंडाजवळ घनमीटरला 6 कोटी 80 लाख बेक्वेरेल होते आणि महिनाभरात ते हजारपटीने उतरले. माझ्या रनमध्ये हा सुळका कधीच उभा राहिला नाही. त्या जपानी अभ्यासात एक किलोमीटरचं स्थानिक मॉडेल का लागलं, ते तेव्हा पटलं. (लिटर आणि घनमीटर यांचा गोंधळ मी दोनदा केला. तुम्हीही कराल.)

शेवटी किती सांडलं याचाच वाद. एका फ्रेंच संस्थेचा अंदाज 27 पेटाबेक्वेरेल, जवळजवळ आठपट. गंमत अशी की त्यासाठी पुन्हा रन करावा लागत नाही. कणांची वाट तीच राहते, उत्तराला फक्त गुणायचं. तेव्हा चित्र बघून कोण बरोबर हे ठरत नाही, त्यासाठी मापनंच लागतात. आयोडीन-131 आणि सीझियमचं गुणोत्तर मला त्यातलं सर्वांत हुशारीचं वाटलं. आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, सीझियमला तीस वर्षं लागतात. गुणोत्तर ठरलेल्या दराने उतरायला लागलं की समजायचं, हे पाणी हवेतून पडलेल्यातलं नव्हे, थेट गळतीचं.

किरणोत्साराच्या मॉड्यूलबद्दल तक्रार नाही. विरघळलेलं, गाळाच्या कणाला चिकटलेलं, तळाशी बसलेलं आणि पुन्हा उसळलेलं अशा अवस्था ते बदलत राहतं. मात्र अवस्था बदलण्याचे दर आपण द्यायचे असतात. 24 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या ट्रिटियमवर (किरणोत्सारी हायड्रोजनवर) चालवलं तेव्हा काम निम्म्याने हलकं झालं. ट्रिटियम गाळाला धरत नाही, ते पाणी सोडणाऱ्या बोगद्याचं तोंड किनाऱ्यापासून एक किलोमीटरवर, आणि वर्षाची मर्यादा 22 लाख कोटी बेक्वेरेल अशी ठरलेली.

रत्नागिरीच्या मामांनी विचारलं, हेच जैतापूरला लावून दाखव. लावता येतं, पण कोकणचा किनारी प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. एकाच महिन्याचा रन दाखवला तर मामांची निम्मी फसवणूक होईल. सध्या बारा महिन्यांचे वेगळे रन लावले आहेत. मार्चपर्यंत पोचलोय.