५६ पिनांची क्यूएफएन चिप: सिम्बॉल आणि फूटप्रिंट स्वतः काढायचं, आयतं घ्यायचं की टेबलवरून बनवायचं?

सर्किट बोर्ड डिझाइन करताना प्रत्येक चिपला दोन गोष्टी लागतात: सिम्बॉल (सर्किटच्या आकृतीतलं चिन्ह) आणि फूटप्रिंट (बोर्डवरच्या तांब्याच्या पॅडांची मांडणी). क्यूएफएन म्हणजे बाहेर पाय नसलेली, खालीच सपाट पॅड असलेली चिप. उदाहरणाला रास्पबेरी पायची मायक्रोकंट्रोलर चिप आरपी२०४० घेऊ: ७×७ मिमी, ०.४ मिमी पिच (शेजारच्या दोन पिनांच्या मध्यांतलं अंतर), कडेने ५६ पिन आणि पोटाखाली ५७वा पॅड. कीकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत ती आहेच, पण लायब्ररीत नसलेल्या चिपला जे प्रश्न पडतात ते सगळे हिच्यात दिसतात. सिम्बॉल आणि फूटप्रिंट यांचा निर्णय वेगवेगळा घ्या, कारण दोन्हींचं उत्तर एक नाही.

आधी सिम्बॉल. आठ-दहा पिनांच्या आयसीला हाताने काढणंच सोपं. इथे मात्र घोळ असा होतो: पिन २ ते ९ वर जीपीआयओ (इनपुट-आउटपुटच्या पिन) ० ते ७ आहेत, १० वर आयओव्हीडीडी (त्या पिनांचा वीजपुरवठा), आणि जीपीआयओ ८ येतो ११ वर. पिन एकामागून एक रिपीट करत गेलात की जीपीआयओ ८ दहावर बसतो आणि त्याच्या पुढचे सगळे एकेक घर सरकतात. ईआरसी (आकृतीतल्या जोडण्या तपासणारा कीकॅडचा भाग) हे पकडू शकत नाही, कारण तो तुमच्या सिम्बॉललाच खरं मानतो.

तयार सिम्बॉल देणाऱ्या साइटवरून उतरवलेलं सिम्बॉल पाच मिनिटांत हातात येतं. पण बऱ्याचदा त्यात पिन नुसत्या नंबरच्या क्रमाने लावलेल्या असतात आणि सगळ्यांचा विद्युत प्रकार (इनपुट, आउटपुट, पॉवर वगैरे) 'पॅसिव्ह' असतो. तसं असेल तर ईआरसी चालवून फारसा उपयोग नाही. पिन ५० मिलच्या (१.२७ मिमी) ग्रिडवर आहेत का तेही बघा. नसतील तर वायर टेकलेली दिसते, पण जोडलेली नसते.

मोठ्या चिपला टेबलच बरं. स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने करा: नंबर, नाव, विद्युत प्रकार, बाजू, युनिट (सिम्बॉलचा वेगळा काढलेला भाग). कीकॅडची सिम्बॉल फाइल साधा मजकूर असते, त्यामुळे छोटी पायथन स्क्रिप्ट ती लिहून देते. १ ते ५७ हा प्रत्येक नंबर एकदाच आलाय का, हे स्प्रेडशीट क्षणात सांगते. जीपीआयओ 'बायडायरेक्शनल', आयओव्हीडीडी आणि डीव्हीडीडी (चिपच्या गाभ्याचा वीजपुरवठा) 'पॉवर इनपुट', तर ४५ नंबरचा रेग्युलेटर आउटपुट 'पॉवर आउटपुट' ठेवा. मग २३ आणि ५० या डीव्हीडीडी पिनांना १.१ व्होल्ट द्यायचं राहिलं तर ईआरसी ओरडतो. पॉवरचं युनिट वेगळं काढलंत की आकृती वाचायलाही सोपी जाते. मेहनत पहिल्यांदा लागते. दुसऱ्या चिपला तीच स्क्रिप्ट चालते.

फूटप्रिंटला मात्र लायब्ररीतलंच घ्या आणि डेटाशीटच्या ड्रॉइंगशी ताडून बघा. हाताने काढताना ०.४ च्या जागी ०.५ पिच धरला तर १४ पिनांच्या एका बाजूला शेवटपर्यंत १.३ मिमी फरक पडतो. ड्रॉइंग 'बॉटम व्ह्यू' असेल आणि लक्षात आलं नाही तर नंबर आरशातल्यासारखे उलटे बसतात. वरून पाहताना ते घड्याळाच्या उलट दिशेनेच जायला हवेत. ०.२ मिमी रुंद पॅडमध्ये फट ०.२ मिमी उरते. सोल्डर मास्क (सोल्डर पसरू न देणारा बोर्डवरचा थर) दोन्हीकडून ०.०५ मिमी मागे घेतला की मधली पट्टी ०.१ मिमीची होते. बोर्ड बनवणारा तेवढी बारीक पट्टी देतो का ते आधी विचारा, नाहीतर पिनांमध्ये सोल्डरचे पूल होतात. पोटाखालच्या पॅडवर सोल्डर पेस्टची एकच मोठी खिडकी (पेस्ट लावायच्या स्टेन्सिलमधलं भोक) ठेवू नका. चिप पेस्टवर तरंगते आणि कडेच्या पिन सुटतात. चार लहान खिडक्या पुरतात.

आता सिम्बॉल आणि फूटप्रिंट जिथे जुळतात ती जागा. उतरवलेल्या फूटप्रिंटमध्ये मधल्या पॅडचं नाव 'ईपी' आणि सिम्बॉलमध्ये पिन ५७ असेल, तर दोन्ही जुळत नाहीत आणि पॅड कोणत्याच नेटवर (विद्युत जोडणीवर) येत नाही. आरपी२०४० ला ग्राउंडचा दुसरा पिनच नाही. बोर्ड देखणा येतो, चिप सुरू होत नाही. म्हणून ऑर्डरआधी पीसीबी एडिटरमध्ये त्या पॅडवर क्लिक करून नेटचं नाव वाचा. मग फूटप्रिंट १:१ कागदावर छापून चिप त्यावर ठेवा आणि पिन १ ची खूण जुळते का ते भिंगातून बघा.