रोज पहाटे येणारी बायबल मननं, दोन वर्षं ऐकल्यावर सांगतो

सगळ्यांना ख्रिस्ती सलाम. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो, पाच एकर वावर आहे, कपाशी, तूर, थोडं सोयाबीन, आणि आमची ख्रिस्ती मंडळी म्हणजे चौदा घरं. पाळकसाहेब तालुक्यावरून महिन्यातून एकदाच येतात, प्रभूभोजनाच्या रविवारी, बाकीच्या रविवारी संदेश मलाच द्यावा लागतो. शिक्षण बारावी, त्यामुळे शनिवारी रात्री बायबल उघडून बसलं की काय बोलावं सुचायचं नाही. मोबाईलवर रेडिमेड संदेश ढीगभर मिळतात, तेही वाचून दाखवले, पण एक वचन घ्यायचं आणि त्यावर सात मुद्दे, त्यात उदाहरणं विमानतळाची आणि लिफ्टची, समोर बसलेल्या माणसांपर्यंत काही पोचत नव्हतं.

मग आमच्या पाळकसाहेबांनी एका रिटायर्ड पाळकांचा नंबर दिला. ते रोज पहाटे साडेपाचला व्हॉट्सअ‍ॅपवर दहा-बारा मिनिटांचं व्हॉइस मनन पाठवतात आणि दर गुरुवारी येत्या रविवारच्या उताऱ्यावर दोन पानांची पीडीएफ. वर्षाचे दोनशे रुपये, तेही ज्याला जमेल त्यानं द्यायचे. नाव नंबर इथं टाकत नाही, त्यांना विचारलं नाही मी. शिकले ते यवतमाळातच, पाळकांना शिकवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ पर्यंत यवतमाळात होती, नंतर पुण्याला गेली, हे आमच्या इकडच्या नवीन पोरांना माहीतसुद्धा नाही.

त्यांची पद्धत अशी की आधी उतारा हळूहळू दोनदा वाचतात, आणि मग पहिला प्रश्न विचारतात की या उताऱ्यात तुम्हाला काय दिसलं, मला काय वाटते ते मागून सांगतो. तिथं खरंच थांबतात, अर्धा मिनिट काही बोलत नाहीत. पहिल्यांदा मला वाटलं नेटवर्क गेलं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रूथच्या पुस्तकाचा, बारा दिवस चाललं ते. दुसऱ्या अध्यायात रूथ सरवा, म्हणजे सोंगणीनंतर वावरात राहिलेलं धान्य, वेचायला जाते, हे मी लहानपणापासून ऐकलं, पण यांनी आधी लेवीय १९ आणि अनुवाद २४ वाचायला लावलं, तिथं नियमच आहे की वावराच्या कडेचं पीक सोंगू नका, खाली पडलेलं उचलू नका, विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका, ते उपऱ्याचं, पोरक्याचं, विधवेचं आहे. रूथ मवाबी, म्हणजे उपरी, आणि विधवापण. म्हणजे ती भीक मागायला गेली नव्हती, तिचा हक्क होता. आणि त्या वावराचा मालक बवाज नियमाच्या पुढं जातो, गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडं टाका, तिला धमकावू नका, दुपारी जेवायला जवळ बसवतो, ती पोटभर जेवून उरलेला हुरडा सासूसाठी घेऊन जाते. दिवसभराचं वेचलेलं झोडपल्यावर एफाभर सातू निघाले, साधारण २२ लिटरचं माप होते ते, दोघींना बरेच दिवस पुरेल एवढं.

हे मी रविवारी जसंच्या तसं सांगितलं. मागं बसलेली एक आजी, सत्तरीच्या वर असेल, ती मधातच उठली. म्हणाली, "बाबू, मी लहान असताना तुरीचा सरवा वेचाले जाओ, त धुऱ्यावर पाटील उभा राहे, अन् ओटा सोडाले लावे. सारं खाली सांडून घ्याचा. माही माय रडे." मग ती गप्प बसली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "बवाजानं त उलटं टाकलं माय." त्यानंतर मी पुढं काही बोललो नाही, गीत घेतलं. दोन वर्षांत आमच्या मंडळीत झालेला सगळ्यात चांगला संदेश तो, आणि तो त्या आजीनं दिला. पण उतारा नीट उघडून दिला नसता तर ती उठली नसती, म्हणून या मननांचं मोल मला फार वाटते.

येशूनं सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्याचंही तसंच, त्यात बी वेगवेगळ्या जमिनीवर पडते. खडकाळ जमीन म्हटलं की मी आजवर गोट्यांची जमीन समजत होतो. त्यांनी सांगितलं की मार्क ४ मध्ये "जिथं फारशी माती नव्हती" असं आहे, म्हणजे वर चार बोटं माती आणि खाली सलग खडक. ती आमची बरड! बरडीवर पहिल्या पाण्यात पीक सगळ्यांच्या आधी वर येते, हिरवंगार दिसते, आणि पंधरा दिवस पाऊस गेला की माना टाकते, मग दुबार पेरणी आणि बियाण्याचे पैसे पुन्हा. हे आमच्या माणसांना समजावून सांगायची गरजच पडली नाही. अजून एक बारीक गोष्ट त्यांनी दाखवली, चांगल्या जमिनीतलं पीक मार्कात तीसपट, साठपट, शंभरपट असं चढत जाते, मत्तयात शंभरापासून उतरत येते, आणि लूक फक्त शंभरपटच लिहितो. मी तिन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचलं तेव्हा दिसलं.

बायबलातल्या योएलच्या पुस्तकावर बोलताना टोळधाडीसाठी पहिल्या अध्यायाच्या चौथ्या वचनात मूळ हिब्रूत चार वेगवेगळे शब्द आहेत हे सांगितलं, आणि मे २०२० मध्ये मोर्शी-वरुडच्या संत्र्यावर टोळ उतरली होती त्याची आठवण काढली, ते थोडक्यातच होतं पण बरं होतं.

आता तक्रार, कारण चांगलंच चांगलं लिहिलं तर खोटं होईल. गेल्या वर्षी हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावर मनन आलं, ३:१७ पासून. अंजीर फुलला नाही, द्राक्ष नाही, जैतून बुडाला, शेतात अन्न नाही, मेंढवाड्यात मेंढरं नाहीत, गोठा रिकामा, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. आणि मग दहा मिनिटं फक्त आनंदावर. त्याच्या आठ दिवस आधी आमच्या शेजारच्या गावात एका माणसानं फवारणीचं औषध पिलं होतं, दोन पोरी आहेत त्याला. मी वावरात कानाला मोबाईल लावून ते ऐकून राहिलो होतो आणि मला राग आला, एवढ्या लवकर आनंद कसा काय? घरी येऊन पूर्ण हबक्कूक वाचला, तीनच अध्याय आहेत, ५६ वचनं, आणि आनंदाच्या अगोदरचं वचन, ३:१६, त्यात हबक्कूक म्हणते माझं अंग कापते, ओठ थरथरतात, हाडं कुजल्यासारखी झाली. आणि पुस्तकाची सुरुवातच मुळी "परमेश्वरा, मी कुठवर ओरडू" अशी आहे.

मी फोन केला. मनात धाकधूक होती, एवढे मोठे पाळक. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "भाऊ, सोळावं वचन मी ओलांडून गेलो, चुकलं माझं." तिसऱ्या दिवशी सगळ्यांना नवीन मनन आलं, पहिल्या अध्यायापासून, आणि त्यात आनंदाचा शब्द शेवटच्या दोन मिनिटांत आला. ते मी जपून ठेवलं आहे, औषध पिलेल्या त्या माणसाच्या घरी भेटायला गेलो तेव्हा मात्र लावलं नाही, नुसता बसून आलो.

बाकी किरकोळ अडचणी. पीडीएफचा टाइप बारीक आहे, चष्मा लावूनही त्रास होते, मी तालुक्यावर मोठी करून झेरॉक्स काढतो. पौलाच्या पत्रांवरची मननं जड होतात, रोमकरांस पत्र चालू होतं तेव्हा आमच्याकडे अर्ध्या लोकांनी ऐकणं सोडलं होतं. नेटवर्क नसलं तर ऑडिओ दुपारी उतरते. आणि ज्याला रविवारी सकाळी उठून तयार संदेश वाचून दाखवायचा आहे त्यानं हे घेऊ नये, इथं मेहनत स्वतःलाच करावी लागते.

सध्या मत्तय २० चालू आहे, द्राक्षमळ्यातले मजूर, अकराव्या तासाला, म्हणजे दिवस संपायला एकच तास असताना, आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी. पुढच्या रविवारी मला हाच द्यायचा आहे आणि मी अडून बसलो आहे, कारण आमच्याकडे कापूस वेचणी किलोवर असते, जेवढा वेचला तेवढा पैसा, आणि ऐकणाऱ्यांत वेचणाऱ्या बायाही आहेत आणि मजुरी देणारे दोन-तीन वावरमालकही, त्यात मी एक. वेचणीवाल्या मंडळीसमोर कोणी हा दाखला सांगितला असेल तर कसा सांगितला ते खाली लिहा.