एनआयएस सोडून फ्रीआयपीएवर: नऊ महिन्यांनंतर

अंबडच्या आमच्या टूलरूममध्ये चौदा लिनक्स, तीन फ्रीबीएसडी आणि एक म्हातारं सोलारिस 10 असा तीन ऑपरेटिंग सिस्टिमच्या मशीनचा संसार आहे. नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत सगळ्यांचं लॉगिन एनआयएसवर चालायचं. सन कंपनीचं हे साधन, सगळ्या मशीनना खात्यांची यादी एकाच ठिकाणाहून पुरवणारं. मूळ नाव यलो पेजेस, ब्रिटिश टेलिकॉमच्या ट्रेडमार्कमुळे बदललेलं. चालायचं झकास. मग एका ट्रेनीने सहज 'वायपीकॅट पासडब्ल्यूडी' ही ती यादी दाखवणारी कमांड मारली आणि अख्ख्या ऑफिसच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डची गुंतवलेली रूपं) त्याच्या स्क्रीनवर आले. तेही सोलारिससाठी ठेवलेले जुन्या डीईएस पद्धतीचे, ज्यात पहिली 8 अक्षरंच मोजली जातात. बारा अक्षरी पासवर्डवर मिरवणाऱ्यांची शेवटची चार अक्षरं नुसती शोभेची होती!

म्हणून फ्रीआयपीए आणलं, खाती आणि लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळणारं साधन. त्यात केर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत असल्यामुळे तिकिटावर (एकदा लॉगिन केल्यावर मिळणाऱ्या तात्पुरत्या पासवर) काम भागतं, पासवर्ड दर मशीनला दाखवत फिरावं लागत नाही. जुने हॅश आत घेता आले, पण हॅशवरून केर्बेरॉसची किल्ली बनत नाही. मायग्रेशन मोड (जुनी खाती आणण्याची सोय) चालू ठेवला, तर लिनक्सवाल्यांच्या किल्ल्या पहिल्या लॉगिनलाच एसएसएसडीने, म्हणजे मशीनवर लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रामने, गुपचूप बनवल्या. फ्रीबीएसडीवर मी एसएसएसडी टाकलं नव्हतं, तिथल्यांना वेबपानावर बसवून पासवर्ड टाकायला लावला. खरा घाम यूआयडीने, म्हणजे खात्याच्या क्रमांकाने, काढला. एकच माणूस लिनक्सवर 1017, फ्रीबीएसडीवरच्या जुन्या लोकल खात्यात 1004. एनएफएसवर (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरात) त्याच्या ड्रॉइंगचा मालक भलताच. दोन रविवार चाऊन करण्यात, म्हणजे फाइलींचे मालक बदलण्यात, गेले.

पावसाळ्यात वेगळीच गंमत. लाइट गेली की एका जुन्या पीसीचं घड्याळ मागे पडायचं, आणि केर्बेरॉस 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. सकाळी पहिल्या शिफ्टचा फोन: "सर, पासवर्ड चुकीचा म्हणतंय." चार वेळा पासवर्ड बदलून दिल्यावर माझी ट्यूब पेटली. मदरबोर्डवरचा सेल बदलला, घड्याळ नेटवर्कवरून जुळवणारं क्रोनी लावलं, तेव्हापासून शांत आहे.

एकदा सर्व्हरच बंद पडला. आधी लॉगिन केलेले लिनक्सवाले एसएसएसडीने जपलेल्या कॅशवर निवांत, फ्रीबीएसडीवाले माझ्या टेबलाशी. त्याच आठवड्यात दुसरा सर्व्हर, म्हणजे पहिल्याची रेप्लिका, उभी केली. तुम्ही ती पहिल्या दिवशीच करा.

सोलारिस मात्र बाहेरच राहिलं. त्याचं जुनं टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारी पद्धत) आमचा सर्व्हर घेत नाही, आणि तेवढ्यासाठी सर्व्हर ढिला करणार नाही. मालक ते मशीन काढू देत नाहीत, म्हणून तिथे तीन लोकल खाती आहेत. त्यातल्या एकाचा पासवर्ड परवा मॉनिटरच्या मागे चिकटवलेला सापडला.