राज्यसेवेच्या नोट्ससाठी ऑब्सिडियन: काही महिन्यांच्या वापरानंतर

राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि वहीतल्या मुद्द्यांच्या याद्या मला अपुऱ्या पडू लागल्या. उत्तर लिहिताना एका विषयाचा धागा दुसऱ्यात ओवावा लागतो. त्यासाठी ऑब्सिडियन हे नोट्स लिहायचं ॲप घेतलं, आणि गेले कित्येक महिने ते रोज वापरतेय.

उघडल्यावर ते एवढंच विचारतं की व्हॉल्ट कुठे ठेवायचा. व्हॉल्ट म्हणजे आपल्याच लॅपटॉपवरचं साधं फोल्डर, आणि प्रत्येक नोट म्हणजे त्यातली एक मार्कडाउन फाइल, म्हणजे साध्या खुणांनी लिहिलेला साधा मजकूर. ती कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते, नेट लागत नाही. अभ्यासिकेत रेंज नसते तेव्हा याचं मोल कळतं.

खरी गंमत लिंकमध्ये आहे. [[माणगाव परिषद]] असं दुहेरी चौकटी कंसात लिहिलं की त्या नावाच्या नोटेशी दुवा जुळतो. नोट अजून नसली तरी चालतं, क्लिक केल्यावर तयार होते. शाहू महाराजांवर लिहिताना १९०२ चं आरक्षण, १९१७ चं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणि १९२० ची माणगाव परिषद आली. परिषदेचा उल्लेख डॉ. आंबेडकरांच्या नोटेतही होता. पुढे माणगावची नोट उघडली, तर बॅकलिंक्समध्ये, म्हणजे त्या नोटेकडे दुवा देणाऱ्या नोट्सच्या यादीत, दोन्ही नोट्स शेजारी शेजारी. सामाजिक सुधारणांवरच्या उत्तराचा सांगाडा तिथेच मिळाला!

मराठीत लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी शिकून घ्याव्यात. आपल्याकडे नावांना विभक्ती लागते, म्हणून [[माणगाव परिषद|माणगाव परिषदेत]] असं उभी रेघ देऊन लिहायचं. दुवा मूळ नोटेकडेच जातो आणि वाक्यही बिघडत नाही. दुसरं, नोटेच्या प्रॉपर्टीजमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीच्या रकान्यांत, ‘aliases’ हे नाव इंग्रजीतच ठेवून त्यात ‘शाहू’, ‘छत्रपती शाहू’, ‘राजर्षी’ अशी पर्यायी नावं भरावीत. मग कुठल्याही नावाने शोधलं तरी एकच नोट पुढे येते. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर चौकटी कंस शोधत बसू नका, ॲपच्या खालच्या पट्टीत लिंकचं बटण आहे.

इतरांनी बनवलेली जादा सोयींची कम्युनिटी प्लगइन सुरुवातीला मुळीच घेऊ नका. ती मुळात बंदच असतात, तशीच राहू द्या. फोल्डरांची उतरंडही नको. निदान पन्नासेक नोट्स होईपर्यंत नुसतं लिहा. नोट्समधले दुवे जाळ्यासारखे दाखवणारा ग्राफ व्ह्यू सुंदर दिसतो, पण अभ्यासाला मला बॅकलिंक्सच जास्त उपयोगी पडल्या.

ॲप फुकट आहे, फोन आणि लॅपटॉप जुळवणारी त्यांची सिंक सेवा मात्र सशुल्क. मी लॅपटॉपवरच लिहिते आणि दर रविवारी अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करते. मैत्रिणींसोबत एकाच नोटेवर एकाच वेळी लिहायचं असेल, तर गूगल डॉक्सच बरं.